पोराला अंगणात सोडा

मागल्या माघात चुलतबहिणीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले होते. घर दृष्ट लागण्यासारखे झाले आहे. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, पुढच्या दाराला लोखंडी जाळी. जुन्या घरापुढे शेणाने सारवलेले अंगण होते, तिथे आता सिमेंटचा कोबा केला आहे आणि त्यावर ट्रॅक्टर उभा असतो. माणसांची ये-जा चालली होती, पंगती उठत होत्या, लहान पोरे मांडवात उच्छाद मांडत होती. एकच पोर तेवढे कोपऱ्यात गादीवर बसून होते. बहिणीचा नातू. अडीच वर्षांचा, गोरागोमटा, गुटगुटीत. हातात मोबाइल.

"आमचा बाळ्या फार शांत आहे बघा आक्का," दाजी कौतुकाने म्हणाले, "एका जागेवर बसवला की तासभर हलत नाही. मातीत तर पायच ठेवत नाही."

मी पस्तीस वर्षे आरोग्यसेविका म्हणून वाड्यावस्त्यांवर फिरले. अडीच वर्षांचे पोर तासभर हलत नाही, हे ऐकून मला कौतुक वाटले नाही, काळीज चरकले. पोराला जवळ घेतले, खाली उभे केले. ते भिंत धरून उभे राहिले, दोन पावले टाकली आणि खाली बसले. मनगट हातात घेऊन पाहिले तर रुंद, गाठीसारखे लागले. सूनबाईला विचारले, "चालायला कधी लागला ग?"

"दोन वर्षं होत आली होती, मावशी. सासूबाई म्हणाल्या, अंगानं जड आहे, म्हणून उशीर."

पोर अंगाने जड होते हे खरे. पण त्याची हाडे हलकी होती, ती कुणाला दिसली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तालुक्याला नेऊन मनगटाचा फोटो काढला. डॉक्टरांनी सांगितले, मुडदूस.

वाचक म्हणतील, बाई, मुडदूस गरिबाच्या घरचा. दोन म्हशी दावणीला असलेल्या घरात तो कुठून आला? त्याचे उत्तर जुने आहे आणि योगायोग असा की ते आपल्याच नाशकात सापडले होते. १९२२ साली हचिसन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी शाह नावाच्या सहकाऱ्याबरोबर नाशिक भागात केलेली पाहणी प्रसिद्ध केली. त्यांना दिसले ते असे. दूध-तूप ज्यांच्या दृष्टीसही पडत नाही, पण जे दिवसभर उघड्यावर राबतात, त्या गरिबांच्या घरी मुडदूस जवळपास नव्हता. आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पडदा पाळणाऱ्या घरांत, जिथे बायका आणि तान्ही मुले अंधाऱ्या खोल्यांतून बाहेर पडत नसत, तिथे तो होता. त्याआधी १८९० साली पाम नावाच्या डॉक्टरांनी जपानात काही वर्षे काढून विलायतेला परतल्यावर हेच म्हटले होते. धुराने झाकलेल्या इंग्रजी शहरांतली पोरे वाकडी का आणि हिंदुस्थान-जपानसारख्या उन्हाच्या देशांतली सरळ का, याचे कारण ऊन. तेव्हा त्यांच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना खास दिव्याचा प्रकाश देऊन बरे करून दाखवले. एका हातावर प्रकाश टाकला तर दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होते आणि रक्तावाटे सगळ्या अंगभर जाते, हे सिद्ध झाले. त्यालाच आज आपण 'ड' जीवनसत्त्व म्हणतो. जेवणातून कॅल्शियम आतड्यात गेले तरी ते रक्तात ओढून घ्यायला हे जीवनसत्त्व लागते.

शंभर वर्षांपूर्वी पडद्याने जे केले, ते आज फरशी, जाळीचे दार आणि मोबाइल मिळून करीत आहेत.

पण नुसत्या उन्हावर बोलून भागणार नाही. अर्धी गोष्ट उन्हाची आणि अर्धी धडपडीची. धडपडीची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून तीच आज सविस्तर सांगते.

हाड हे दगड नव्हे

हाड म्हणजे आतून मेलेला, वाळलेला वासा अशी आपली समजूत असते. मेलेल्या जनावराचे हाड बघून ती झालेली. जिवंत हाडात रक्त खेळते. त्यात बांधणाऱ्या पेशी आहेत तशा पाडणाऱ्याही आहेत, आणि गवंड्यांची ही दोन पथके जन्मभर काम करतात. कुठे बांधायचे आणि कुठे पाडायचे याचा हुकूम हाडावर पडणाऱ्या भारातून मिळतो. हाडाच्या आत चिणून बसलेल्या पेशी असतात. हाड किंचित वाकले, दबले, हिसका बसला की त्यांना कळते, आणि जिथे ताण पडला तिथे नवे बांधकाम सुरू होते. जिथे काहीच ताण पडत नाही तिथला माल काढून नेला जातो. जर्मनीतल्या यूलियस वोल्फ या शल्यवैद्याने १८९२ साली हा नियम मांडला. टेनिस खेळणाऱ्यांचा बॅट धरायचा हात मोजला तर त्या हाताचे हाड दुसऱ्यापेक्षा जाड भरते. उलट अंतराळात जाणाऱ्या वीरांच्या अंगावर वजनच पडत नाही, तर त्यांच्या खुब्याच्या हाडातून महिन्याला शेकडा एक-दीड टक्का खनिज निघून जाते. आणि ती तर निवडून घेतलेली धडधाकट माणसे.

गोठ्यातले उदाहरण देते, म्हणजे पटकन पटेल. अमेरिकेत मिशिगनच्या विद्यापीठात २००४ साली वासरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही वासरे अरुंद जागेत कोंडून ठेवली. काही तशीच कोंडलेली, पण दिवसातून एकदा, आठवड्यातले पाच दिवस, फक्त पन्नास मीटर पळवली. पन्नास मीटर म्हणजे किती? आपल्या खळ्यापासून विहिरीपर्यंत. सहा आठवड्यांत पळवलेल्या वासरांच्या पायाची हाडे कोंडलेल्यांपेक्षा भक्कम झाली. चारा तोच, जागा तीच, फरक एवढ्याच पळण्याचा. आपले म्हातारे गोऱ्ह्याला दिवसभर दाव्याला बांधू देत नसत, त्याला शास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभव होता. गोऱ्ह्याची एवढी काळजी घेणारा शेतकरी स्वतःच्या नातवाला मात्र मोबाइलच्या दाव्याला बांधतो, हे मला उमजत नाही.

आणखी एक गंमत. जपानात १९९७ साली उंदरांना उड्या मारायला लावले. रोज पाच उड्या मारणाऱ्या उंदरांची हाडे मुळीच न मारणाऱ्यांपेक्षा चांगली वाढली. शंभर मारणाऱ्यांना मात्र पाचवाल्यांच्या वीसपट फायदा झाला नाही. याचा अर्थ हाडाला फार वेळ लागत नाही, हिसका लागतो. सावकाश, एकसारखे, तासन्‌तास चालण्यापेक्षा थोडी उडी, थोडे थांबणे, पुन्हा उडी हे हाडाला जास्त कळते. आता तीन वर्षांचे पोर अंगणात सोडा आणि बघत बसा. पळेल, थांबेल, ओट्यावर चढेल, खाली उडी मारेल, कुत्र्याच्या मागे लागेल, बसेल, पुन्हा उठेल. हाडाला जे हवे तेच नेमके ते करीत असते. त्याला कुणी शिकवावे लागत नाही, फक्त अडवू नये.

लहानपणीच हे का महत्त्वाचे, तेही सांगते. ऊस कसा वाढतो तुम्हाला ठाऊक आहे. कांडे पेरापाशी कोवळे असते आणि तिथून वाढते. मुलाचे लांब हाडही असेच टोकाशी असलेल्या कोवळ्या थरातून वाढते. मागून त्यात कॅल्शियम भरत जाते आणि ते पक्के होते. 'ड' जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडले की हा थर पक्का होत नाही, कोवळाच राहून फुगतो. बाळ्याचे मनगट मला रुंद लागले ते यामुळे. मऊ हाडावर अंगाचे वजन आले की पाय धनुष्यासारखे वाकतात. हाडांची जवळजवळ नव्वद टक्के ठेव अठरा-वीस वर्षांपर्यंत जमा होऊन जाते. त्यानंतर माणूस त्यातून काढून खातो, भर थोडी. साठीत न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडणारी म्हातारी आपण प्रत्येक गावात पाहतो. तिच्या ठेवीत खड्डा पडला तो कदाचित पाच-सहा वर्षांची असताना, कडेवर भाऊ घेऊन घरात बसवली तेव्हा.

उडी हवी आणि नाचणीही हवी

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटा या राज्यात, तेही शेती-जनावरांचेच राज्य, २००३ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बालवाड्यांतली २३९ मुले घेतली. निम्म्यांना रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, उड्या, लंगडी, धावणे असले खेळ दिले. निम्म्यांना तेवढाच वेळ बसून चित्रे, कागदकाम असली हातकामे दिली. दोन्हीकडच्या निम्म्या मुलांना कॅल्शियमच्या गोळ्या आणि निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. असे वर्षभर चालले. नंतर नडगीचे हाड मोजले.

उड्या मारणाऱ्यांचे हाड घेराने मोठे झाले, मग कॅल्शियम मिळो की न मिळो. पण हाडाची भिंत, म्हणजे बांबूच्या पोकळीभोवतीची जाडी, ती उड्या मारून वर कॅल्शियमही मिळालेल्या मुलांतच चांगली भरली. नुसत्या उड्या मारणाऱ्यांचे हाड रुंद झाले पण भिंत पातळ राहिली. विहिरीचा घेर वाढवला आणि दगड मात्र पहिल्याइतकेच आणले, तर बांधकाम कसे होईल? तसे. आणि नुसते दगड आणून टाकले, गवंडीच बोलावला नाही, तर दगड बांधावर पडून राहतील. बसून गोळ्या खाणाऱ्यांचे तेच झाले.

हे वाचल्यापासून मी दोन्ही गोष्टी बरोबर सांगते. गरिबाच्या पोराला धडपड भरपूर मिळते, कॅल्शियम मिळत नाही. नव्या स्लॅबच्या घरातल्या पोराला दूध मिळते, धडपड आणि ऊन मिळत नाही. कोणत्या घरात काय कमी आहे ते ज्याचे त्याने पाहावे.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट बोलून टाकते, राग मानू नका. दूध डेअरीला जाते आणि पोराच्या हातात चहाची बशी येते. पगाराचे पैसे डेअरीतून येतात, कर्जाचा हप्ता त्यातूनच जातो, हे मला कळते. सगळे दूध ठेवा असे मी म्हणत नाही. एक पेला ठेवा. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम आणि ४ ते ६ वर्षांच्या मुलाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितले आहे. २०० मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. नाचणी तर आपली बँकच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाची भाकरी किंवा आंबील पोटात गेली की पावणेदोनशे. राहिलेले तिळाने भरून निघते. तिळात शंभर ग्रॅमला हजारावर मिलिग्रॅम आहे, म्हणून दहा ग्रॅम तीळ भाजून, कुटून, गुळात वळून दिले तरी शंभराला पोचते. नाचणीला मोड आणून वाळवून दळली तर ती अंगाला अधिक लागते. आजी जे सत्त्व काढायची ते उगाच नव्हे. शेवग्याचा पाला, राजगिरा, ताक, कोकणात काट्यासकट चावून खायचे बारीक मासे, हे सगळे यातच आले. तीळ आणि शेंगदाणे लहान मुलाला कुटूनच द्या, अख्खा दाणा श्वासनळीत अडकला तर जिवावर बेततो. नुसत्या उन्हावर भरवसा ठेवू नका हे सांगायला एकच उदाहरण देते. आफ्रिकेतल्या नायजेरियात ऊन आपल्याहून कमी नाही, तरी तिथे मुलांना मुडदूस होतो. १९९९ साली तिथल्या डॉक्टरांनी दाखवले की या मुलांच्या जेवणात कॅल्शियम फार कमी होते, आणि कॅल्शियम दिल्यावर ती सुधारली. नुसत्या 'ड' जीवनसत्त्वाने तेवढी सुधारली नाहीत.

पुण्यात याच्या दुसऱ्या बाजूचे उदाहरण आहे. तिथे झोपडपट्टीतल्या लहान मुलांची पाहणी २०१० साली छापून आली. काही मुले ज्या पाळणाघरात जात तिथे त्यांना रोज उन्हात खेळायला सोडत. दुसरी मुले, आईबाप कामावर म्हणून, दिवसभर खोलीत. कॅल्शियम दोन्हीकडे कमीच. तरी उन्हात खेळणाऱ्यांना उन्हाने तारले आणि कोंडलेल्यांत मुडदूस सापडला. मला ऊसतोडीला जाणाऱ्या, विटभट्टीवर जाणाऱ्या आयांची आठवण होते. पोराला कोपीत कोंडून जाणारी आई निष्काळजी नसते, तिला साप-विंचवाची, ट्रॅक्टरच्या चाकाची भीती असते. अशा वेळी शेजारच्या एखाद्या म्हातारीने चार पोरे झाडाच्या आजूबाजूला उन्हा-सावलीत सांभाळली तर ते मोठे काम आहे.

ऊन कोणते?

सकाळचे कोवळे ऊन चांगले, असे आपण सगळेच ऐकत आलो. अंगाला ते गोड लागते, पण 'ड' जीवनसत्त्वासाठी ते फारसे उपयोगाचे नाही. ज्या किरणांनी ते तयार होते ते सूर्य खाली असताना हवेतच अडतात. त्याची खूण सोपी आहे. पोराला उन्हात उभे करून सावली बघा. सावली पोरापेक्षा लांब असेल तर काम होत नाही, पोरापेक्षा आखूड असेल तर होते. आपल्या भागात वैशाखात ही वेळ नऊ-साडेनऊलाच येते. तेव्हा दहापूर्वी आत घ्या, ऊन लागू देऊ नका, पाणी पाजा. डिसेंबरात मात्र बारा-एकच्या आसपासच सावली एवढी आखडते, आणि तेव्हा ऊन सोसतेही. हातपाय उघडे असू द्या. स्वेटर, टोपी, मोजे चढवून गुंडाळलेले पोर उन्हात ठेवले काय आणि सावलीत ठेवले काय. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचाही उपयोग नाही, काच ते किरण अडवते. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. वीस-तीस मिनिटे खेळता खेळता होतातच. तान्ह्या बाळाला मात्र असे दुपारच्या उन्हात टाकू नका. आईच्या दुधात 'ड' जीवनसत्त्व थोडे असते, म्हणून पहिले वर्षभर रोज ४०० युनिटांचे थेंब द्यावेत असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते उपकेंद्रात किंवा डॉक्टरांना विचारून घ्या.

पाळण्यापासून अंगणापर्यंत

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही आकडे दिले. एक वर्षाच्या आतल्या, अजून न रांगणाऱ्या बाळाला जागे असताना दिवसातून मिळून निदान अर्धा तास पालथे ठेवावे. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात निदान तीन तास हालचाल व्हावी, आणि तीन-चार वर्षांच्यांची त्यातला एक तास धापा टाकायला लावणारी. एका जागी बांधून, खुर्चीत किंवा पाठीशी, एका वेळी तासापेक्षा जास्त ठेवू नये. दोन वर्षांच्या आत टीव्ही-मोबाइल जवळजवळ नकोच, पुढे तासाच्या आत. तीन तास ऐकून शहरातली आई घाबरते. खेड्यात तीन तास काहीच नाहीत, दार उघडे असले म्हणजे झाले.

तान्ह्याला आपण तेल लावून चोळतो. तेल हाडात शिरते हा भ्रम सोडा, ते शिरत नाही. पण हातपाय हलके दुमडणे-पसरणे, तळव्याला दाब देणे, याचा उपयोग आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना अमेरिकेत रोज पाच-दहा मिनिटे असा व्यायाम काही आठवडे दिला, तेव्हा त्यांच्या हाडांत खनिज जास्त भरले, असे १९९५ साली प्रसिद्ध झाले. तिथे हे काम शिकलेल्या माणसांनी केले होते, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि न्हाऊ घालणाऱ्या काही बाया बाळाला पाय धरून उलटे लोंबकळवतात, हात ओढून हवेत फिरवतात, ते बंद करा. मी या हातांनी खांदा निखळलेले बाळ तालुक्याला नेले आहे.

बाळाचे दोन्ही पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळू नका, त्याने खुब्याचा सांधा जागेवर बसत नाही. उलट आपण पोर कडेवर घेतो तेव्हा त्याचे पाय दोन बाजूंना फाकलेले असतात, ते खुब्याला फार चांगले. एवढ्या बाबतीत तरी आपल्या आज्या विलायती आयांच्या पुढे होत्या.

पांगुळगाड्याचेही तसेच. सुताराने केलेला तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा धरून पोर स्वतःच्या पायावर उभे राहते, स्वतः ढकलते. बाजारात मिळणारा गोल, मध्ये झोळीसारखी बैठक असलेला वॉकर वेगळा. त्यात पोर लोंबकळते, वजन पायावर येत नाही, चालणे लांबते, आणि उंबऱ्यावरून, पायरीवरून उलटून डोके फुटते. कॅनडा देशाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. हौसेने पाहुणे आणतात, त्यांना आभार म्हणा आणि त्यात कांदे ठेवा.

दीड-दोन वर्षांचे पोर शेतात ढेकळांवरून चालू द्या. ओबडधोबड जमिनीवर पाय सावरताना जे ताण पडतात ते फरशीवर पडत नाहीत. तिसऱ्या वर्षी दोन्ही पायांनी उडी येते, पाटाच्या पाण्यावरून पलीकडे उडी मारू द्या. चौथ्या-पाचव्या वर्षी एका पायावर तोल येतो, मग लंगडी, ठिक्कर, शिवाशिवी. पुढे दोरीवरच्या उड्या, फुगडी, आट्यापाट्या, सूरपारंब्या. आपल्या खेळांना काय पैसे लागतात? एक खापरी आणि कोळशाची रेघ. मुलींना मुद्दाम पाठवा. पाच वर्षांची झाली की झाडू हातात आणि धाकटे भावंड कडेवर, असे करू नका. अंगणवाडीत पोरे रांगेत हाताची घडी घालून बसवलेली दिसली तर ताईंना सांगा, "ताई, थोडं बाहेर सोडा." भिंतीवरची अक्षरे पावसाळ्यातही वाचता येतील.

आता काळजी कधी करायची? दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाहेर वाकलेले असणे आणि तीन-चार वर्षांत गुडघे एकमेकांना लागणे हे बहुतेक मुलांत असते आणि आपोआप सरळ होते. मनगटे, घोटे रुंद दिसणे, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागणे, टाळू दीड वर्षानंतरही न भरणे, दात उशिरा येणे, दीड वर्ष झाले तरी न चालणे, वाक एकाच पायाला असणे, यातले काही दिसले तर अंगारा-धुपारा न करता डॉक्टर गाठा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते, त्यानेही दात पिवळे-तपकिरी होतात आणि हाडे वाकतात. तिथे पाणी तपासून घेणे आधी. आणि औषधाच्या दुकानातून 'हाडाचे इंजेक्शन' किंवा साठ हजार युनिटांच्या पुड्या मनाने आणू नका. आठवड्याची पुडी रोज दिल्याने रक्तात कॅल्शियम वाढून पोरे उलट्या करीत, मलूल होऊन दवाखान्यात येतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो. मोजून द्यायचे औषध आहे ते.

बाळ्याला डॉक्टरांनी मोजूनच औषध दिले. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढला तर हाडाचे टोक भरू लागलेले दिसले. दाजींनी ट्रॅक्टर गोठ्याच्या बाजूला उभा केला आणि कोब्याच्या एका कोपऱ्यात वाळूचा ढीग टाकून दिला. पहिले पंधरा दिवस बाळ्या वाळूत पाय ठेवला की रडायचा. मोबाइल काढून घेतला तेव्हा तर त्याने सगळे घर डोक्यावर घेतले, आजी दोनदा विरघळली. सूनबाई मात्र हटली नाही. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी एक पेला दूध आणि मग वाळू. पलीकडच्या वस्तीवरची तीन पोरे यायला लागली, तेव्हापासून रडणे थांबले.

दिवाळीत बहिणीचा फोन आला. "आक्का, तुझ्या नादाला लागून काय झालं बघ. कठड्यावर चढला, तिथून उडी मारली, आणि तुळशीची कुंडी फोडली."

मी विचारले, "लागलं का त्याला?"

"छे! तो पळाला. कुंडी गेली माझी."